आधी कापडाचं नाव विचार

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी मूळची नाशिकची, ज्वेलरी डिझाईनचा डिप्लोमा मुंबईत केला, नवऱ्याच्या नोकरीमुळे अडीच वर्षं घानात, अक्राला राहते. इथली कापडं बघून अक्षरशः वेड लागलं. इतकं सगळं आवडतं की काय घेऊ कळत नाही, मग सगळंच घेते. मकोला मार्केटमधून केंटे प्रिंट, म्हणजे इथल्या हातविणीच्या केंटे कापडाची छापील नक्कल, आणलं, गोल गोल कापून रेझिनमध्ये बसवून कानातली केली, चाळीस जोड. इन्स्टावर 'ट्रायबल आफ्रिकन कलेक्शन' म्हणून टाकली, पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींनी नऊ जोड घेतले पण. मग शेजारच्या आंटींना एक जोड भेट द्यायला गेले, त्या कुमासीच्या, असांते लोकांच्या शहरातल्या, सत्तरीच्या आहेत. त्यांनी कानातलं हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, याला नाव होतं, माझे आजोबा हे विणायचे. रागावल्या नाहीत, चहा दिला. पण कानातलं घातलं नाही. तेव्हापासून कात्री हातात धरवत नाही. मी हे काम करूच नये का? करायचं तर कापड चिकटवण्यापलीकडे डिझाईन कसं सुचतं? आणि रेझिनमध्ये कापड काळपट का पडतं? माली देशाचं बोगोलान, ते मातीचं कापड, तेही घेऊ का? उरलेल्या तीस जोडांचं काय करू? – एक नाशिककर, अक्रा"

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या आंटींनी कानातलं उलटं करून बघितलं तिथेच थांबले. कापडातली माणसं असंच करतात. आपल्याकडे पैठणी हातात आली की आजी पदर उलटा करते, मागची बाजू पुढच्यासारखीच सुबक आहे का बघते, आणि मागे दोरे लोंबत असतील तर काही न बोलता घडी घालून ठेवते. आंटींना मागे विणकाम दिसलं नाही, छापलेल्या कापडाची फिकी बाजू दिसली. आणि पुढून मात्र त्यांच्या आजोबांची नक्षी, तीही मधूनच गोल कापलेली. त्यांना काय वाटलं असेल ते तुला कळलंय म्हणूनच तू पत्र लिहिलंस, नाहीतर चाळीस जोड विकून मोकळी झाली असतीस.

काम सोडू नकोस, हे आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं शांतपणे वाचशील. तू घानात राहतेयस, हाताला कसब आहे, शेजारी विणकराची नात आहे, असं नशीब पुण्यात बसून पिंटरेस्ट बघणाऱ्या कुठल्या डिझायनरच्या वाट्याला येतं गं? फक्त तू उलट्या टोकाने सुरुवात केलीस.

केंटेबद्दल थोडं सांगते, तुला यातलं काही माहीत असेल, तरी ऐक. कुमासीजवळ बोनविरे नावाचं गाव आहे, विणकरांचं. तिथले लोक सांगतात की गावातल्या दोन माणसांनी जंगलात अनान्से नावाच्या कोळी किड्याला जाळं विणताना बघितलं आणि त्याच्याकडून विणायला शिकले. माग अगदी अरुंद असतो, पट्टी निघते ती साधारण चार इंचाची, आणि ताणा, म्हणजे उभे दोरे, समोर कितीतरी लांब अंगणात पसरलेला, त्याच्या टोकाला एक वजनदार दगड बांधलेला, विणकर विणत जातो तसा तो दगड सरकत सरकत जवळ येतो. पायाच्या बोटांमध्ये दोऱ्या धरून ताण्याचे दोरे वरखाली करतात. अशा वीसेक पट्ट्या कडेला कड लावून शिवल्या की पुरुषाचं अंगभर पांघरायचं कापड होतं, ते डाव्या खांद्यावरून घेतात, उजवा खांदा उघडा. परंपरेने विणणारे पुरुषच. घानातल्याच एवे लोकांचंही वेगळं केंटे आहे, त्यात माणसं, प्राणी, वस्तू विणलेल्या असतात, ते इथे बाजूला ठेवते कारण तुझ्या आंटी असांते आहेत आणि तुझी सुरुवात त्यांच्याकडूनच व्हायला हवी.

आता नावाचं. असांते केंटेत प्रत्येक नक्षीला नाव असतं, पुष्कळदा अख्खी म्हणच. एका नक्षीचं नाव अद्विनासा, म्हणजे माझं होतं नव्हतं ते सगळं कसब यात संपलं. दुसरी आहे सिका फुतुरो, सोन्याची धूळ. आणि एकाची गोष्ट तर मला फार आवडते. क्वामे न्क्रुमा, घानाचे पहिले नेते, १९५७ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी इजिप्तच्या फातियाशी लग्न केलं. त्या सुमारास एका केंटेला नाव पडलं फातिया फाता न्क्रुमा, म्हणजे फातिया न्क्रुमाला शोभते. पुढे १९६६ ला लष्कराने न्क्रुमांना सत्तेवरून काढलं आणि त्याच कापडाचं नाव बदललं, नवीन नाव झालं ओबाकोफो म्मु मान, एकट्या माणसाने देश चालत नाही. कापड तेच, धागे तेच, रंग तेच. म्हणजे ते कापड अंगावर घेतलेला माणूस नुसता नटलेला नसतो, काहीतरी बोलत असतो, आणि समोरच्याला ते वाचता येतं. तू कापडाचा मधलाच गोल तुकडा घेतलास तेव्हा वाक्याच्या मधलीच दोन अक्षरं उचललीस. आंटी म्हणाल्या याला नाव होतं, त्या 'होतं' मध्ये सगळं आलं बघ.

माझ्याकडूनही असं झालंय, आणि जास्त वाईट. खूप वर्षांपूर्वीची गोष्ट, मी चांदीच्या पत्र्यावर अदिंक्राची चिन्हं एचिंग करून, म्हणजे तेजाबाने कोरून, पेंडंट करायचे. अदिंक्रा म्हणजे कुमासीजवळच्या न्तोन्सो गावचं शिक्के मारलेलं कापड, बादिए नावाच्या झाडाची साल कुटून उकळून आटवून काळा रंग करतात आणि वाळलेल्या भोपळ्याच्या तुकड्यावर कोरलेल्या शिक्क्याने छापतात, आपल्या तंबोऱ्याला असतो तसा भोपळा. मला त्यातलं एक चिन्ह फार देखणं वाटलं, शिडीसारखं, सरळ रेघा, एकदम मॉडर्न. ते मी एका मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला चांदीच्या लॉकेटवर करून दिलं. वर्षभराने त्या घरी एक घानाचे पाहुणे आले होते त्यांनी ते बाळाच्या गळ्यात बघितलं आणि बराच वेळ गप्प बसले, मग बाळाच्या आईला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की ही ओवुओ अत्वेदे आहे, मरणाची शिडी, जी सगळ्यांना एक दिवस चढायचीच असते. अदिंक्रा हे मुळात दुखवट्याचं कापड, निरोप देण्याचं, त्यात ते चिन्ह योग्यच आहे, खोल आहे. पण तान्ह्या बाळाच्या गळ्यात? मैत्रिणीने मला दोष दिला नाही, लॉकेट मात्र परत दिलं. ते अजून माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात आहे. त्यानंतर मी कुठलंही चिन्ह अर्थ विचारल्याशिवाय वापरलेलं नाही, आणि अर्थ नेटवर वाचून नाही तर त्या मातीतल्या माणसाला विचारून.

म्हणून 'ट्रायबल' हा शब्द आधी काढून टाक, आजच काढ, उद्यावर ढकलू नकोस. असांतेंचं केंटे हे दरबारी कापड आहे. अठराव्या शतकात ओपोकु वारे राजाच्या काळात बाहेरून आलेलं रेशमी कापड उसवून त्याचे धागे काढून इथे विणत, एवढी हौस आणि एवढी ऐपत. त्याला ट्रायबल म्हणायचं म्हणजे पेशव्यांच्या शालूला आदिवासी कापड म्हणण्यासारखं झालं. आणि 'आफ्रिकन' हाही शब्द फार मोठा आहे गं, खंड आहे तो. असांते केंटे म्हण, बोनविरेचं म्हण, न्तोन्सोचं अदिंक्रा म्हण. गिऱ्हाईक विचारेल बोनविरे कुठे आलं, मग सांग, तिथूनच तर गप्पा सुरू होतात.

मकोलात तुला दिसतात ती झगझगीत वॅक्स प्रिंट, ती वेगळीच भानगड. मूळ जावाच्या बाटिकची नक्कल, डच लोकांनी मशीनवर केलेली, हेल्मंड गावातली व्हिलिस्को कंपनी १८४६ पासूनची. म्हणून काही जण नाक मुरडतात की हे आफ्रिकन नाहीच. मला हे पटत नाही. टोगोमधल्या लोमेच्या बाजारातल्या बायकांनी, ज्यांना नाना बेंझ म्हणायचे कारण कापड विकून त्यांनी मर्सिडीझ घेतल्या, त्यांनी या डिझाईनना नावं दिली, कुठलं चालेल कुठलं नाही ते ठरवलं, आणि तिथल्या बायांनी ती लग्नात, मयतीत, भांडणात नेसून स्वतःची केली. तर वॅक्स प्रिंट जरूर वापर, पण त्याच्या टॅगवर 'प्राचीन परंपरा' असं लिहू नकोस, खरी गोष्ट लिही, ती जास्त रंगतदार आहे.

आता डिझाईन कसं सुचतं. तू पत्रात म्हटलंयस की कापड बघितलं की इतकं सगळं आवडतं की काय घेऊ कळत नाही, मग सगळंच घेते. हे प्रत्येकीचं होतं. माझं ऐकशील तर एकच कापड घे, एकच. विणलेलं घे, छापलेलं नको, आख्खं परवडणार नाही तर बोनविरेला जाऊन एक पट्टी घे, थेट विणकराकडून, नाव विचारून. आणि आठवडाभर कात्री कपाटात ठेव. पट्टी टेबलावर पसर, उलटी कर, भिंगाखाली बघ. तुला दिसेल की एक चौकोन असा आहे जिथे ताण्याचे उभे पट्टे वर दिसतात, आणि लगेच पुढचा चौकोन असा की जिथे आडवा बाणा इतका ठासून भरलाय की ताणा दिसतच नाही, तो पूर्ण झाकला गेलाय. एक उघडा, एक झाकलेला, एक उघडा, एक झाकलेला. मग पट्ट्या जोडताना शिवणारा अशा जुळवतो की एका पट्टीतला झाकलेला चौकोन शेजारच्या पट्टीतल्या उघड्या चौकोनाला लागून येतो. केंटेची सगळी गंमत या लपाछपीत आहे, रंग त्याच्या नंतर येतात. आणि ही गंमत तू धातूत करू शकतेस, त्यासाठी कापडाचा एक दोराही तोडायला नको.

दुसरं म्हणजे मापाचं बघ. ते कापड बनलंय लांबून दिसायला, मोठ्या देहावर, चुण्या पडून हलायला. तू तेच तीन सेंटिमीटरच्या चकतीत कोंबलंस. नक्षी लहान केली की तिचा चिखल होतो, म्हणून लहान करू नकोस, कमी कर. दोनच चौकोन घे, एक उघडा एक झाकलेला, आणि ते मोठे कर. ग्राफ पेपरवर फक्त काळ्या पांढऱ्यात काढ, रंगाला अजिबात हात लावू नकोस, जाड कागदाची कापून कानाला टेपने चिकटव आणि आरशापासून सहा-सात फूट लांब उभी राहा. तिथून दिसलं तर डिझाईन आहे, नाही दिसलं तर परत टेबलावर जा. आणि कापड हलतं, तुझी चकती हलत नाही हे लक्षात घे, म्हणून एक सपाट तुकडा करण्यापेक्षा अरुंद पट्ट्या बिजागरीने किंवा कडीने जोड, मान वळली की त्या एकमेकींवरून सरकल्या पाहिजेत.

आता मला सगळ्यात जास्त ज्याचा उत्साह आहे ते. असांते सोनार मेणाचं ओतकाम करतात, आणि कसं, तर मधमाशीच्या मेणाचे बारीक बारीक दोरे वळून. दोऱ्याशेजारी दोरा बसवून मेणाचाच दागिना रचायचा, त्यावर कोळशाची पूड आणि मातीचा लेप द्यायचा, भाजलं की मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत धातू जातो. त्यांचे जुने सोन्याचे गोल बिल्ले बघ, पृष्ठभागावर दोऱ्यांच्या ओळी स्पष्ट दिसतात. आपल्याकडे बस्तरच्या ढोकरा ओतकामात हेच तंत्र आहे, तू बघितलं असशीलच. म्हणजे बघ हं, विणकराकडे दोरा आणि सोनाराकडेही दोरा, फक्त एकाचा रेशमाचा आणि एकाचा मेणाचा! मग मेणाचे दोरे घे आणि खरोखरच विण, उभे आडवे, केंटेसारखा एक चौकोन उघडा एक चौकोन ठासलेला, आणि तो विणलेला तुकडा पितळेत ओतून घे. कुमासीजवळ क्रोफोफ्रोम गाव आहे, पितळेचं ओतकाम करणाऱ्यांचं, तिथे जाऊन बस त्यांच्याजवळ. अडीच सेंटिमीटरचा चौकोन, दीड मिलिमीटर जाडीचा, भरीव धरला तर पितळेत आठेक ग्रॅम भरेल, विणीत फटी राहिल्या तर जरा हलका. एका कानाला आठ ग्रॅम म्हणजे कडेलोट, संध्याकाळपर्यंत पाळी ओढली जाते, म्हणून एवढा मोठा तुकडा गळ्यात घाल आणि कानासाठी अर्ध्या मापाचा कर.

रंग हवाच असेल, आणि केंटे म्हटल्यावर हवाच, तर रेझिनपेक्षा क्रोबो मण्यांकडे वळ. घानातल्याच ओदुमासे क्रोबो गावाकडे बाटल्यांच्या काचा कुटून पूड करतात, मातीच्या साच्यात ती रंगारंगाची भरतात, मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा खोचतात, तोच कसावा ज्याचा आपण साबुदाणा खातो, आणि भट्टीत घातलं की काच एकजीव होते, देठ जळून जातो आणि त्याच्या जागी भोक राहतं. किती साधं आणि किती हुशार! कोफोरिदुआला गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो, अक्राहून जाऊन येण्यासारखं आहे. तिथे तयार मणी बघ पण घेऊ नकोस लगेच, आधी तुझ्या पट्टीतले ताण्याचे रंग ओळीने मोज, समज तीन पिवळे, एक काळा, दोन हिरवे, एक काळा, आणि त्याच ओळीने मणी बनवून माग. मग ते दोऱ्यात गाठव. नाशिकला सराफ बाजारात लहानपणी पटवेकरी बघितले असशील, अंगठ्याला दोरा गुंडाळून मण्यामागे मणी गाठवणारे, ते काम तुझं, ते तुझ्या गावाकडून आलेलं. असा हार केलास तर त्यात त्यांचा रंग, त्यांची काच आणि तुझी गाठ, आणि तिन्ही खरे.

बोगोलानबद्दल तू एका ओळीत विचारलंस की माली देशाचं ते मातीचं कापडही घेऊ का. आत्ता नको, पुढच्या वर्षी घे, पण त्याचं शास्त्र ऐकून ठेव कारण ते चांदीला फार सुंदर लागू पडतं. तिथल्या बामाना समाजाच्या बायका कापड आधी न्गलामा झाडाच्या पानांच्या पाण्यात पिवळं करतात, आणि हे झाड आपल्या धावड्याच्या जातकुळीतलं आहे बरं का, डिंकाच्या लाडवातला तोच धावडा. त्या पानात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य. मग मडक्यात महिनोन्महिने मुरवलेला, लोह असलेला तळ्याचा चिखल घेऊन त्या चित्र काढतात, पण रेघ काढत नाहीत, रेघेच्या आजूबाजूची सगळी जागा चिखलाने भरत जातात, कडेकडेने, धीराने. टॅनिन आणि लोह भेटलं की काळं होतं, आपल्याकडे हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मिळून काळी शाई व्हायची तीच गोष्ट. शेवटी उरलेलं पिवळं काढून टाकून तिथे पांढरं करतात. म्हणजे आपल्याला जी पांढरी रेघ दिसते ती कोणी काढलेलीच नसते, ती राखलेली असते. चांदीच्या पत्र्यावर हेच कर, आधी आख्खा पत्रा लिव्हर ऑफ सल्फरने काळा कर, आणि मग ओरखड्याने रेघ उघडी कर, किंवा उलट रेघ लाखेने झाकून ठेव आणि बाकीचं काळं कर. पितळेवर ते नीट चढत नाही, चांदी नाहीतर तांबं घे. सुती दोरा काळा करायचा तर हिरड्यात भिजवून हिराकसच्या पाण्यात बुडव, पण हिराकस जपून, जास्त झालं की दोरा वर्षभरात कुजून तुटतो आणि हार गिऱ्हाइकाच्या गळ्यातच ओघळतो.

आणि कात्री धरवत नाही म्हणालीस ना, तर ऐक. मालीचा फॅशन डिझायनर क्रिस सेदू, १९४९ चा जन्म, पॅरिसला काम केलेला, ज्याने बोगोलान फॅशनमध्ये आणलं, त्यालाही सुरुवातीला ते कापड कापायला जड गेलं होतं, कारण त्या नक्षीला अर्थ आहे हे त्याला माहीत होतं. मग त्याने कापण्यासाठी म्हणून वेगळं, सोप्या आणि मोकळ्या नक्षीचं बोगोलान करून घेतलं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. जे पांघरायला विणलंय ते आख्खं राहू दे, कापायचं तर कापण्यासाठी सांगून विणून घे. तूही विणकराला सांगू शकतेस की मला दोन इंच रुंदीची पट्टी हवी, दागिन्यासाठी, तुमच्या मनाने नक्षी घाला. तो आनंदाने करेल, आणि कदाचित तुझ्यापेक्षा चांगलं सुचवेल.

रेझिनमध्ये कापड काळपट का पडतं याचं उत्तर सोपं आहे, सुती कापड रेझिन पितं आणि ओल्या कपड्यासारखं गडद होतं, मागचा धातू किंवा रंगही त्यातून डोकावतो. आधी पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन हात दोन्ही बाजूंनी दे, पूर्ण वाळू दे, एक दिवस तरी, अक्राच्या दमट हवेत दोन, आणि मागे पांढरा कागद लाव. तरी सांगते, रेझिन उन्हाने पिवळं पडतं आणि केंटेतला पांढरा आधी जातो. त्यापेक्षा कापड उघडंच वापर, आत बक्रमचं कडक अस्तर घालून, कड हाताने शिवून, मळलं तर बदलता येईल असं. कानाची तार स्टीलची किंवा चांदीची, त्या घामट हवेत पितळेची तार कान हिरवा करते.

परवानगीचं मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलंय, कमी महत्त्वाचं म्हणून नाही, वर सांगितलेलं कळल्यावर ते ओझं वाटत नाही म्हणून. घानाच्या २००५ च्या कॉपीराइट कायद्यात, कायदा क्रमांक ६९०, लोककलेला संरक्षण आहे, आणि ज्या केंटे आणि अदिंक्रा नक्षींचा कर्ता माहीत नाही त्यांचं त्यात नाव घेऊन म्हटलंय. व्यापारासाठी वापरायचं तर नॅशनल फोकलोर बोर्डाकडे परवानगी मागायची असते. तू अक्रातच आहेस, जा, तुझे नमुने घेऊन जा, काय करणार आहेस ते सांग, काय नियम लागू होतात ते त्यांच्याच तोंडून ऐक. २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने केंटे विणकाम आपल्या वारशाच्या यादीत घेतलं, तिथल्या लोकांना आपल्या कापडाबद्दल बोलायला आवडतंय सध्या, तुला हाकलून देणार नाहीत. पैशाचं म्हणशील तर मी माझ्या कामात कारागिराची मजुरी पूर्ण आगाऊ देते आणि विक्रीतले दहा टक्के वर वेगळे काढते, त्याच्या नावाने, आणि टॅगवर त्याचं नाव, गाव, नक्षीचं नाव असतं, अर्थात त्याची हरकत नसेल तर. किंमत थोडी वाढते. ज्यांना परवडत नाही त्या घेत नाहीत, ज्या घेतात त्या परत येतात.

अजून एक कर. सुट्टीच्या दिवशी कुमासीला मानहिया पॅलेसच्या म्युझियममध्ये जा. इंग्रजांनी असांतेंशी लढाया करून त्यांचं दरबारी सोनं नेलं, १८७४ ला तर कुमासी जाळलं, आणि त्यातल्या आणि त्या काळातल्या ३२ वस्तू २०२४ मध्ये लंडनच्या दोन मोठ्या म्युझियमनी इथे दाखवायला दिल्या, पण दिल्या त्या उसन्या म्हणून. आपलंच सोनं आपल्याला उसनं. हे डोक्यात ठेवून मग परत तुझ्या आंटींचा चेहरा आठव, त्यांनी कानातलं का घातलं नसेल. त्यांच्याकडून न विचारता नेण्याची सवय जगाला फार जुनी आहे, आणि तू त्या रांगेत नाहीस हे त्यांना तुझ्या वागण्यातून कळायला हवं, बोलून नाही कळणार.

उरलेले तीस जोड विकू नकोस. फेकूही नकोस, त्यात तुझी मेहनत आहे. त्यांच्या कड्या, तारा सोडवून घे, त्या नवीन कामाला येतील. चकत्या एका डब्यात ठेव. ज्या नऊ जणींनी घेतले त्यांना मेसेज कर, खरं काय ते सांग, की हे छापील होतं, मी नक्षीचं नाव न विचारता केलं, आता विचारतेय, नवीन आलं की हे परत घेऊन कमी किमतीत ते देईन. लाजू नकोस. त्यातल्या निदान निम्म्या तुझ्या पक्क्या गिऱ्हाईक होतील असं माझं मन सांगतंय.

आणि आंटींकडे जा. कानातलं घेऊन नको, वही पेन्सिल घेऊन, आणि जमलं तर काहीतरी खायचं करून. त्या चुकवणार नाहीत तुला, ज्या बाईने चहा दिला तिने दार बंद केलेलं नसतं. आजोबा कुठल्या गावात विणायचे, दगड किती लांब ठेवायचे, पट्ट्या कोण शिवायचं, ते कापड घरात कोणाकडे आहे अजून, आणि त्याचं नाव काय, हे विचार. नाव त्यांच्या तोंडून जसं येईल तसं लिहून घे, अर्थ त्यांच्याच शब्दांत. मग मला कळव, मला खरंच ऐकायचंय त्या कापडाचं नाव काय होतं.